वसईच्या किल्ल्यात वेलिंग्टन कसा शिकवावा

आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला इंग्रज सेनानी; त्याची गोष्ट जन्मापासून सुरू करू नका. पोरांना किल्ल्यात बसवा आणि ३१ डिसेंबर १८०२ सांगा: दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला, तैनाती फौज स्वीकारली. तेव्हा गव्हर्नर जनरल कोण? आर्थरचाच थोरला भाऊ, रिचर्ड. उमराव घराण्याचा वशिला मुलांना लगेच उमगतो.

मग काटकीने मातीत केळणा नदी काढा. असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. पलीकडे शिंदे-भोसल्यांची फौज. नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी जागा, नाही, असं वाटाड्ये सांगत होते. वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली. म्हणजे मध्ये उतार असणारच, असं त्याने ताडलं आणि फौज पार नेली. इथे घाई नको, पोरांनाच उतार शोधू द्या. आपली माणसं किती शर्थीने लढली, तेही सांगाच. वेलस्लीच्या फौजेची जबर हानी झाली.

वॉटर्लू, म्हणजे नेपोलियनचा पराभव, १८१५, दोन वाक्यांत उरका. १८२८ला तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला, त्यावर मात्र थांबा. १८२९मध्ये त्याच्याच सरकारने कॅथलिकांना पार्लमेंटचं दार उघडलं. आमच्या वर्गातले डिसोझा, परेरा इथे हमखास प्रश्न विचारतात. त्यांना आधी बोलू द्या. मताधिकार वाढवायला त्याने ठाम नकार दिला आणि १८३०मध्ये सरकार गेलं, हे त्यानंतर.