नेपल्समधील शेवटचा दिवस निवांतपणे कसा घालवावा

इटलीतील नेपल्ससारख्या गजबजलेल्या शहरात शेवटच्या दिवशी राहिलेली सगळी संग्रहालये उरकण्याचा हट्ट धरू नये. सामान हॉटेलमध्ये किंवा मुख्य रेल्वे स्थानकावरील सामानघरात ठेवून सकाळीच मोकळे व्हावे. कॉफी बारमध्ये स्थानिकांप्रमाणे काउंटरपाशी उभे राहून एस्प्रेसो घ्यावी आणि सोबत रिकोटा चीज भरलेली, खुसखुशीत पापुद्र्यांची गरम स्फोल्यातेल्ला ही पेस्ट्री खावी. टेबलावर बसल्यास तीच कॉफी बहुधा महाग पडते.

त्यानंतर जुन्या शहराला सरळ रेषेत छेदणाऱ्या स्पाक्कानापोली या अरुंद रस्त्याने रमतगमत चालावे. स्कूटरींचा गोंगाट असह्य झाला, की सांता क्यारा मठाच्या अंगणात शिरावे, कारण १८व्या शतकातील रंगीत माजोलिका (चकचकीत लेप दिलेल्या मातीच्या) फरशांनी मढवलेले तेथील खांब आणि बाके पाहताना बाहेरच्या कोलाहलाचा पूर्ण विसर पडतो. माझ्या मते, या दिवसाचा सर्वांत मोठा वाटा याच अंगणाला द्यावा.

दुपारी मार्गेरिता पिझ्झा खावा. येथील पिझ्झा बनवण्याच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत स्थान मिळाले आहे. शाकाहारी मंडळींनाही तो चालतो, मात्र चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातून मिळवलेले विकर) असू शकते, हे काटेकोर शाकाहारींनी ध्यानात ठेवावे.

संध्याकाळी वेळ उरल्यास फ्युनिक्युलरने (चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने) वोमेरो टेकडीवर जाऊन आखात आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखी पाहावा. कापोदिकिनो विमानतळ शहराजवळच असला, तरी रहदारीचा भरवसा नसल्याने स्थानकाजवळून सुटणारी, विमानतळाला जाणारी आलीबुस बस वेळेआधीच गाठावी.