आफ्रिकेतल्या जनावरांसाठी अंबाजोगाईत माणसं कशी जमवायची

सगळ्यात आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायचा नाही. पहिल्याच ओळीत सांगतोय, कारण मी नेमकं तेच केलं होतं. चौसष्ट माणसं भरली. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, दोन माजी नगरसेवक. तीन महिन्यांत त्यावर चित्त्याचे व्हिडिओ आले, वाढदिवसाचे केक आले, एका प्लॉटची जाहिरात आली. काम एका पैचं झालं नाही. शेवटी ग्रुप बंद केला तेव्हा कुणी 'का बंद केला' असंही विचारलं नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. बीड जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांतून नोकरी झाली, आता निवृत्त. आफ्रिकेशी माझा संबंध म्हणजे नैरोबीत नोकरी करणारा भाचा. २०१८ च्या जानेवारीत त्याच्याकडे गेलो होतो, तर तो मला उत्तर केनियात झेब्रे मोजायला घेऊन गेला. ग्रेव्हीचा झेब्रा. पट्ट्या बारीक, कान मोठे नि गोल. हे जनावर आता फक्त केनिया आणि इथिओपियात उरलंय. १९७० च्या दशकाच्या शेवटी पंधरा हजारांच्या आसपास होते, आता तीन हजारांच्या आतबाहेर. मोजणीची पद्धत अशी की दोन दिवस शेकडो माणसं गाड्या घेऊन फिरतात आणि दिसेल त्या झेब्र्याचा फोटो काढतात, पण फक्त उजव्या बाजूचा. प्रत्येकाच्या पट्ट्या आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या वेगळ्या. एकाचा डावीकडून, एकाचा उजवीकडून फोटो आला तर तेच जनावर दोनदा धरलं जाईल. पुढचं जुळवाजुळवीचं काम संगणक करतो. त्या वर्षी केनियात २,८०० च्या वर भरले.

आमच्या गाडीत एक दाताचा डॉक्टर, एक हिशेबनीस, एक शिक्षिका आणि मी. दोन दिवसांत कुणीही निसर्गावर भाषण दिलं नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच, 'उजवी बाजू, उजवी बाजू!' परत आलो, वर सांगितलेली ग्रुपची हौस फिटली, आणि मग कळलं की त्या गाडीत जे होतं ते माझ्या ग्रुपात नव्हतं. एका वाक्यात सांगता येईल इतकं लहान काम.

तेव्हा माणसं शोधायच्या आधी काम शोधा. 'आफ्रिकेतले वन्यजीव वाचवणे' हे काम नव्हे. 'शनिवारी संध्याकाळी दोन तास बसून शंभर फोटोंतली जनावरं ओळखणे' हे काम.

मग माणसं. त्यांना घरी बोलवू नका, तुम्ही त्यांच्या जागी जा, आणि त्यांच्या रिकाम्या वेळी. वकिलाकडे कोर्ट सुटल्यावर. सीएकडे जुलैत फिरकूसुद्धा नका, रिटर्नचा महिना असतो. मास्तरांना मार्चमध्ये छळू नका. शेती असलेल्या कुणालाही पेरणीच्या आठवड्यात फोन केला तर तो 'हो' म्हणेल आणि येणार नाही. गेल्यावर 'तुम्हाला प्राण्यांची आवड आहे का?' असं विचारू नका. आवड सगळ्यांना असते, हो म्हणायला काय जातं? असं म्हणा: तुमच्या धंद्यातलं एक काम आहे, इतक्या वेळाचं, ही तारीख.

आमचा मोटार रिवाइंडिंगवाला असाच आला. त्याच्या दुकानात तांब्याच्या तारेच्या ढिगाशेजारी बसून मी त्याला रिचर्ड तुरेरेची गोष्ट सांगितली. नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून राहणारा मसाई पोरगा. सिंह रात्री गोठ्यावर येतात म्हणून त्यानं अकरा-बारा वर्षांचा असताना जुनी बॅटरी, सोलरचं पॅनल आणि मोटारसायकलच्या इंडिकेटरचा डबा जोडून लुकलुकणारे दिवे बसवले. सिंहाला वाटतं माणूस बत्ती घेऊन फिरतोय. गोष्ट संपेपर्यंत आमच्या माणसानं हातातलं काम खाली ठेवलं होतं. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, कोणता फ्लॅशर वापरला त्यानं?" प्राणी वाचवण्याबद्दल एक शब्द नाही. पण पुढच्या शनिवारी तो तसाच डबा करून घेऊन आला, आणि तो डबा आज एका धनगराच्या वाघरीवर, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या कुंपणावर, टांगलेला आहे. लांडगा महिनाभर आला नाही. मग आला. आता दिव्यांची जागा आठवड्याला बदलतो.

माणसं किती? सात पुरेत. आमच्यात मी, वकील, सीए, भूगोलाचे मास्तर, रिवाइंडिंगवाला, लॅब टेक्निशियन असलेली एक पोरगी आणि बापू. बापू धनगर आहेत, सत्तरीचे, शाळेत गेले नाहीत. मास्तरांनी सुरुवातीला विचारलंच, "डॉक्टर, आपण व्यावसायिक लोक जमवतोय ना?" मी म्हटलं, सव्वाशे मेंढरं तोंडावरून ओळखणारा माणूस व्यावसायिक नाही तर कोण आहे?

फोटोंचं काम कुठून मिळतं ते सांगतो. झूनिव्हर्स नावाची साइट आहे, फोनवरही चालते, पैसे लागत नाहीत. जगभरचे संशोधक आपापले फोटो तिथं टाकतात आणि सामान्य लोक ते ओळखून देतात. सगळ्यात गाजलेला प्रकल्प टांझानियातल्या सेरेंगेटीचा. मिनेसोटा विद्यापीठाच्या सिंह अभ्यासकांनी तिथं २२५ कॅमेरे झाडाखांबांना बांधले. जनावर समोरून गेलं की फोटो निघतो. अडचण अशी की वाऱ्यानं गवत हाललं तरी निघतो. सुरुवातीच्या वर्षांत बारा लाख वेळा कॅमेरे चालू झाले, त्यातल्या जेमतेम सव्वातीन लाखांत जनावर होतं. बाकी नुसतं गवत. एवढं निवडायला शास्त्रज्ञांना जन्म पुरला नसता. एकच फोटो अनेकांना दाखवतात आणि बहुतेकांचं उत्तर धरतात. तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा शंभरात ९६-९७ वेळा लोकांचं बरोबर निघालं. सिंह जगेल की नाही हे त्याच्या पोटावर ठरतं, म्हणून त्याच्या भक्ष्याची, हरणांची नि झेब्र्यांचीही मोजदाद लागते. सेरेंगेटीचे फोटो संपलेले असले तर आफ्रिकेचा दुसरा प्रकल्प घ्या, पण एकावेळी एकच.

बसायची पद्धत: एक मोठा स्क्रीन, आम्ही मास्तरांच्या घरचा टीव्ही लॅपटॉपला जोडतो. इन्व्हर्टर असलेलंच घर निवडा, शनिवारी लाईट जाणारच. साइटवरची नावं इंग्रजीत असतात, म्हणून मास्तरांनी भिंतीवर मराठी तक्ता लावलाय, चित्रासकट. एकानं माऊस धरायचा, बाकीच्यांनी बोलायचं. माऊस धरणाऱ्यानं मत द्यायचं नाही, नाहीतर तो आपलंच खरं करतो.

तिसऱ्या का चौथ्या शनिवारी एक हरीण अडलं. सेरेंगेटीत दोन जवळपास सारखी हरणं आहेत, थॉमसनचं गॅझेल आणि ग्रांटचं. मास्तर पुस्तक वाचून आले होते. कुशीवर ठळक काळा पट्टा म्हणजे थॉमसन, त्यांनी निकाल दिला. वकीलसाहेब म्हणाले पट्टा फिका आहे. दोघांची दहा मिनिटं जुंपली. बापू तोवर चहा बशीत ओतून फुंकत होते. बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, पट्टा कामून बघायलाव? ढुंगण बघा की. ह्येचं पांढरं शेपटीच्या वर चढलंय. मगाचच्या हरणाचं खालीच व्हतं. ही दोन येका जातीची न्हाईत." मास्तरांनी पुस्तक उघडलं. ग्रांटच्या माद्यांना आणि पिलांनाही कुशीवर पट्टा असू शकतो, खात्रीची खूण म्हणजे ढुंगणावरचा पांढरा डाग शेपटीच्या वर जातो का नाही, असं त्यात छापलेलं होतं. मास्तरांनी पुस्तक मिटून बापूंकडे सरकवलं. बापूंनी ते बाजूला करून खारीची पुडी घेतली.

आता जे काम आफ्रिकेचं असून आपल्या गल्लीत आहे ते सांगतो, कारण वकील नि पशुवैद्य यांचं खरं जुळतं ते इथं. आफ्रिकन ग्रे पोपट. करडा, लाल शेपटीचा, माणसासारखा बोलणारा. लातूर-संभाजीनगरच काय, छोट्या गावांतही हौशी लोकांकडे पिंजऱ्यात दिसतो. घानाच्या जंगलातून १९९२ पासून हा नव्वद टक्क्यांहून जास्त गेला, मुख्यतः पकडून विकल्यामुळे आणि जंगलतोडीमुळे. २०१६ मध्ये जोहान्सबर्गला साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिषदेत त्याला पहिल्या परिशिष्टात घातलं, म्हणजे रानातून पकडलेल्या पक्ष्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार आता असा परदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्यानं त्याची नोंदणी करायची असते, सरकारच्या परिवेश पोर्टलवर. पिल्लं झाली, मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं.

हा पोपट आजारी पडला की माझ्याकडे येतो. आधी मी औषध देऊन मोकळा व्हायचो. आता औषध देतो आणि विचारतो, कागद आहेत का? पायात कडं आहे का? नसेल तर वकिलाचा नंबर. वकीलसाहेब फी घेत नाहीत, अर्ज भरून देतात. धमकी द्यायची नाही, हे आम्ही शिकलो. पहिल्या पोपटवाल्याला मी कायद्याचा धाक घातला, तो पोपट घेऊन जो गेला तो परत आलाच नाही. पोपटाचं काय झालं कुणास ठाऊक. ती चूक माझीच.

पैशाचं थोडक्यात, कारण आमच्या सीएनं ते पाच मिनिटांत मिटवलं. वर्गणी गोळा करून आफ्रिकेला पाठवायची हा सगळ्यांचा पहिला विचार असतो. करू नका. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, आणि इथल्या ट्रस्टनं परदेशात खर्च केला तर त्याच्या करमाफीला धक्का लागतो. ज्याला द्यायचेच आहेत त्यानं स्वतःच्या खात्यातून बँकेमार्फत रीतसर पाठवावेत. चहा आणि खारीचे पैसे आळीपाळीनं. पेटी ठेवली की भांडण आलं.

एक काम मात्र आम्ही आफ्रिकेतून इकडे आणलं. इथिओपियाच्या बाले डोंगरात एक लांडगा आहे, तांबूस, कोल्ह्यासारखा दिसणारा, साऱ्या जगात पाचशेच्या आसपास. त्याला मारतो तो गुराख्यांच्या कुत्र्यांकडून येणारा रेबीज आणि डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा साथीचा रोग. १९९० च्या दशकात आणि पुन्हा २००३ मध्ये कळपच्या कळप गेले. म्हणून तिथले पशुवैद्य घोड्यावरून वस्त्यावस्त्यांवर जाऊन लांडग्याआधी कुत्र्यांना लस टोचतात. आमच्या माळावरच्या लांडग्यालाही तेच दुखणं लागू शकतं. तेव्हा वर्षातून एकदा बापूंच्या ओळखीच्या वाड्यांवर जातो. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, म्हणून थर्माकोलचा डबा नि बर्फाच्या पिशव्या, आणि त्यात थर्मामीटर. टेक्निशियन पोरगी दर अर्ध्या तासानं आकडा लिहिते. कुत्रं मालकानं धरायचं, आपण नाही. मला दोन वेळा चावलंय.

वही ठेवा. कोण आलं, किती फोटो झाले, काय अडलं, एवढंच. कोण आलं नाही ते लिहू नका. सलग तीन शनिवार कुणी चुकला तर त्याच्या दुकानावरून जाताना चहा प्या, विषय काढू नका. चौथ्या शनिवारी येतो. नाही आला तर त्याच्या धंद्यातला दुसरा माणूस शोधा.

पावसाळ्यात आमची बैठक भरगच्च असते. दिवाळी झाली की बापू मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरतात आणि आमचा वेग निम्म्यावर येतो. अडलेली हरणं साइटवरच्या कलेक्शनमध्ये टाकून ठेवायची सोय आहे. गेल्या वर्षी बापू जेठात परत आले तेव्हा तिथं एक्केचाळीस ढुंगणं त्यांची वाट पाहत होती.