भूकंपाने कुठे किती हलवलं, त्याचा नकाशा घरबसल्या कसा काढायचा

२६ जानेवारी २००१, शुक्रवार, सकाळी पावणेनऊच्या सुमाराला बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आजीचा झोपाळा कोणी न बसता हलायला लागला, फडताळातले डबे खणखणले, बस एवढंच, आणि तिकडे कच्छमधलं भचाऊ जमीनदोस्त झालं होतं. भूकंप एकच, मॅग्निट्यूड म्हणजे भूकंपाचा एकूण आकार ७.७, पण तीव्रता, म्हणजे त्या-त्या जागी किती हललं, ती गावागणिक वेगळी. नकाशा काढायचा तो या तीव्रतेचा.

आधी माहिती. फॅमिली ग्रुपवर टाका, "तेव्हा कुठे होतात, कितव्या मजल्यावर, काय हललं, काय पडलं?" मजला विचाराच, वर डोलणं जास्त जाणवतं. मी विचारला नव्हता आणि चौथ्या मजल्यावरची मावशी नि तळमजल्यावरचे काका एकाच सोसायटीत राहून दोन वेगवेगळे भूकंप सांगत होते. मग तीव्रतेच्या मर्केली स्केलवर १ ते १२ मधला आकडा द्या: नुसता झोपाळा हलला तर ३, भांडी वाजली ४, वस्तू उलटल्या ५, थोडं प्लास्टर पडलं ६. एकट्या बडोद्याची उत्तरं पुरणार नाहीत, इथून सगळ्यांचं भूकंपाच्या केंद्रापासूनचं अंतर जवळपास सारखंच, म्हणून मोरबी, राजकोट, नडियाद, सुरत, जिथे म्हणून नातेवाईक आहेत तिथे विचारा.

आता गावांचे को-ऑर्डिनेट्स मीटरमध्ये घ्या. डिग्रीत नको, आपल्याकडे रेखांशाची एक डिग्री सुमारे १०३ किमी आणि अक्षांशाची १११, म्हणजे अंतरं वाकडी येणार. आणि यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून मीटरमध्ये जागा सांगायची पद्धत) वापरताना एक खड्डा आहे, भुज झोन ४२ मध्ये येतं आणि बडोदा ४३ मध्ये. मी दोन्ही तसेच एका शीटमध्ये टाकले तर भुज चक्क बडोद्याच्या पूर्वेला जाऊन बसलं! सगळे पॉइंट एकाच झोनमध्ये आणा.

मग अंतराचा हिशोब बाजूला काढायचा. तीव्रता आणि अंतराचा लॉग यांची सरळ रेघ बसवा, रेघेपेक्षा जे जास्त-कमी उरतं तेच आपल्या कामाचं. जसं की अहमदाबाद, केंद्रापासून दोनशे किमीहून लांब, तरी तिथे उंच बिल्डिंगी कोसळल्या, कारण साबरमतीच्या गाळाची मऊ जमीन हादरा वाढवते आणि काही बांधकामंही कच्ची होती.

या उरलेल्या आकड्यांचा व्हेरिओग्राम, म्हणजे अंतर वाढेल तसा गावांमधला फरक किती वाढतो त्याचा आलेख, काढा: दोन-दोन गावांच्या जोड्या घ्या, फरकाचा वर्ग करून अर्धा करा आणि अंतरासमोर मांडा. शेजारची गावं सारखी असतील तर रेघ खालून सुरू होऊन वर चढते आणि पुढे सपाट होते. सुरुवातच उंचावरून होत असेल, म्हणजे नगेट मोठा असेल, तर लोकांच्या आठवणींत घोळ आहे किंवा मजले मिसळलेत.

त्यावरून क्रिगिंग, म्हणजे आजूबाजूच्या गावांच्या आकड्यांवरून मधल्या जागांचा अंदाज; आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं जीस्टॅट पॅकेज फुकट आहे, त्यात करा आणि शेवटी अंतराच्या रेघेवरचा आकडा त्यात परत जोडा. सोबत व्हेरियन्सचा, म्हणजे कुठला अंदाज किती कच्चा याचा, नकाशा काढायचाच, नाहीतर कच्छच्या रणात, जिथे विचारायला माणूसच नाही, तिथेही मस्त रंग भरलेला दिसतो आणि आपण खूश.

तपासायला एकेक पॉइंट लपवून बाकीच्यांवरून त्याचा अंदाज काढा. माझ्यात राजकोटच्या आत्याचा आकडा दोनने चुकत होता, कितीतरी वेळ मॉडेलशी डोकं लावलं, शेवटी फोन केला तर म्हणाली, "अरे, तेव्हा मी लग्नाला सुरतला होते."