रात्रीच्या उड्डाणासाठी कॉकपिटमधील प्रकाश कसा जुळवावा

घोडबंदर रस्त्यालगतच्या घरात रात्री संगणकावर विमान उडवण्याचा सिम्युलेटर लावताना आधी खिडकीचा पडदा ओढून खोलीतला दिवा मालवावा, कारण बाहेरचा उजेड मॉनिटरवर पडत असेल तर पुढची सगळी खटपट व्यर्थ जाते. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय होण्यास सुमारे ३० मिनिटे लागतात; मधेच मोबाइल पाहिला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

सेसना १७२ या छोट्या विमानाच्या जी१००० (गोल घड्याळांऐवजी डिजिटल पडदे असलेल्या) आवृत्तीत प्रकाश कमीजास्त करणारे नॉब वैमानिकासमोरच्या पॅनेलवर असतात. त्यांपैकी एव्हिऑनिक्सचा, म्हणजे या पडद्यांचा, नॉब प्रथम हाताळावा आणि त्यांवरील आकडे डोळे न ताणता वाचता येतील, पण काचेपलीकडचे क्षितिज व धावपट्टीचे कडेचे दिवे झाकोळणार नाहीत, इतपतच उजेड ठेवावा. खऱ्या विमानात हा नॉब पूर्ण बंद केल्यास प्रकाशसंवेदक स्वतःच तेजस्विता ठरवतो. त्यानंतर राखीव उपकरणे, पेडेस्टल (दोन आसनांमधला उभा पॅनेल) आणि स्विच पॅनेल यांचे दिवे त्याहून किंचित मंद करावेत.

लाल दिवा मला आवडतो. मात्र त्याखाली नकाशावरील लाल रेघा दिसेनाशा होतात, म्हणून नकाशा वाचताना मंद पांढराच प्रकाश वापरावा.