सर्व्हरचं नेटवर्क कार्ड कसं बदलावं

सकाळी सगळे कामाला बसतात आणि कुणीतरी ओरडतं, "सर्व्हर गेला!" पाच मिनिटांत तो आपोआप येतो, दुपारी पुन्हा जातो. मॉनिटर जोडून बघावं तर सर्व्हर निवांत चालू असतो, फक्त त्याच्यापर्यंत कुणी पोहोचत नाही. अशा वेळी नेटवर्क कार्डावर, म्हणजे सर्व्हरला नेटवर्कशी जोडणाऱ्या आतल्या कार्डावर, संशय जाणं साहजिक आहे. पण नवीन कार्ड मागवण्याआधी दोष त्याचाच आहे याची खात्री करा.

आधी केबल बदला. तीच काढून पुन्हा लावू नका. दुसऱ्या मशीनवर नीट चालणारी केबल आणून लावा. गिगाबिट वेगाला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, 100 मेगाबिटला मात्र दोनच पुरतात. त्यामुळे एखादी तार आतून तुटली तरी पोर्टवरचा दिवा लागू शकतो, काम रखडत चालतं आणि आळ कार्डावर येतो. एका ऑफिसात माझ्यासमोर नवंकोरं कार्ड बसवलं गेलं आणि तक्रार तशीच राहिली. टेबलाच्या पायाखाली केबल चेपली होती. केबलनंतर स्विचचा पोर्ट बदलून बघा.

तरीही फरक पडला नाही तर आकडे बघा. लिनक्सवर ईथटूल या कमांडमध्ये सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा, आकडा दिसतो. तो लिहून ठेवा, दहा मिनिटांनी पुन्हा बघा. आकडा मोठा आहे की लहान हे सोडा, तो वाढतोय का ते बघा. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लिंक तुटल्याच्या नोंदी शोधा आणि त्यांच्या वेळा लोकांच्या तक्रारींशी ताडून पाहा. केबल आणि पोर्ट बदलूनही हे चालूच असेल, तर कार्ड बदलायला घ्या.

कार्ड निवडताना दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली म्हणजे उंची: चपट्या रॅक सर्व्हरला अनेकदा लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्ड लागतं, म्हणून कार्डाच्या टोकाची आखूड धातूची पट्टी सोबत आहे ना ते विचारा. दुसरी म्हणजे स्लॉट: एक पोर्टच्या गिगाबिट कार्डाला पीसीआय एक्सप्रेसचा एक लेनचा, म्हणजे सर्वांत छोटा, स्लॉट पुरतो, 10 गिगाबिटच्या कार्डाला बहुधा मोठा लागतो. छोटं कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये चालतं. ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. कार्ड बदलल्यावर सर्व्हरवर नेट नसेल आणि तेव्हा तो डाउनलोड करायचा कुठून?

आता कागद घ्या. नेटवर्कच्या सेटिंग्ज, म्हणजे आयपी, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस, असल्यास व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळे केलेले नेटवर्कचे भाग) आणि टीमिंग (अनेक पोर्ट मिळून एकासारखे चालवणं), सगळं उतरवून घ्या. जुन्या आणि नव्या कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेसही लिहा. हा प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ओळखपत्ता. नव्याचा बहुधा त्याच्यावरच्या स्टिकरवर असतो. मागच्या केबलींचा फोटो काढा. बॅकअप झालाय ना ते बघा आणि सर्वांना वेळ कळवून ठेवा.

प्रत्यक्ष बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. सर्व्हर रीतसर शटडाउन करा आणि पॉवर केबल काढा. दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही. नुसता बंद केलेला सर्व्हर आतून थोडा जागाच असतो, म्हणूनच तर नेटवर्कवरून त्याला उठवता येतं. केबल काढल्यावर पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. अँटीस्टॅटिक पट्टा मनगटाला बांधा. पट्टीचा स्क्रू किंवा खटका सोडवा आणि कार्ड दोन्ही टोकांना धरून सरळ वर ओढा. नवं कार्ड कडेने धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. पट्टीचं खालचं निमुळतं टोक चौकटीच्या फटीत गेलंय ना ते बघा आणि मग दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्या. सोनेरी दातांची रेघ सगळीकडे सारखी आत गेली की बसलं. एक बाजू वर राहिली तर स्क्रू आवळून ती खाली आणायला जाऊ नका. काढा आणि पुन्हा बसवा.

खरी अडचण यानंतर येते, कारण जुन्या कार्डासोबत त्याचा मॅक अ‍ॅड्रेसही गेलेला असतो. डीएचसीपीत, म्हणजे मशीनना आयपी वाटणाऱ्या सेवेत, जुन्या मॅकवर आयपी राखून ठेवला असेल तर तिथे नवा मॅक टाका. स्विचवर पोर्ट सिक्युरिटी असेल तर स्विच या अनोळखी कार्डाला अडवेल. काही सॉफ्टवेअरची लायसन्सही मॅकला बांधलेली असतात, तेव्हा विक्रेत्याशी आधीच बोला.

लिनक्समध्ये कार्डाचं नाव अनेकदा जागेवरून ठरतं, ईएनपी3एस0 असं काहीतरी. स्लॉट बदलला की नाव बदलतं आणि जुन्या नावाने लिहिलेलं कॉन्फिगरेशन लागूच होत नाही. विंडोजवर जुना आयपी टाकताना तो दुसऱ्या अ‍ॅडॅप्टरला दिलेला आहे, असा इशारा येऊ शकतो. तो अ‍ॅडॅप्टर म्हणजे काढून टाकलेलं कार्डच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली डिव्हाइसेस दाखवायला सांगा आणि त्यातलं फिकट दिसणारं जुनं कार्ड अनइन्स्टॉल करा.

शेवटी स्पीड आणि फुल डुप्लेक्स (डेटा एकाच वेळी दोन्हीकडे जाणं) तपासा, एक मोठी फाइल कॉपी करा, एररचा आकडा पुन्हा बघा. मग सर्व्हर एकदा रीस्टार्ट करा. आता चालणारी सेटिंग्ज रीस्टार्टनंतर टिकतात की नाही, हे लोक कामावर यायच्या आत कळलेलं बरं. जुन्या कार्डावर तारीख आणि "खराब" असं ठळक लिहून चिकटवा, नाहीतर सहा महिन्यांनी ड्रॉवरमधून काढून कुणीतरी ते दुसऱ्या मशीनला बसवेल.