डोक्यावरची रेघ आधी, तळाची शेवटी

मी मूळचा इचलकरंजीचा. कापडाच्या खरेदीसाठी बरीच वर्षं चीनमधल्या शाओशिंगजवळ, केछ्याओच्या कापडबाजारात राहतो. भाव करण्यापुरतं चिनी मला लवकर यायला लागलं. वाचता मात्र काही येत नव्हतं, आणि त्यावाचून फारसं अडतही नव्हतं. एका चुकीमुळे वही हातात घ्यावी लागली. ती चूक आधी सांगतो, कारण चिनी अक्षरांना रेघांचा क्रम का लागतो हे मला तिथेच कळलं.

मोजदाद करताना आपल्याकडे चार उभ्या रेघा ओढून पाचवी तिरकी मारतात. इथे त्यासाठी एक अक्षरच वापरतात: 'चंग', म्हणजे सरळ, बरोबर. त्यात पाच रेघा. वर एक आडवी. तिच्या मधून खाली येणारी उभी. त्या उभीच्या उजव्या अंगाला, अर्ध्यावर, छोटी आडवी. डावीकडे छोटी उभी. आणि सगळ्यांच्या तळाला लांब आडवी. एक तागा, एक रेघ. अक्षर पुरं झालं की पाच तागे.

एकदा गोडाऊनमध्ये मोजणारा पोरगा जेवायला गेला आणि पॅड माझ्याकडे आलं. अक्षर मी शंभरदा पाहिलेलं. घर बांधतात तसा मी खालून सुरू झालो: आधी तळाची रेघ, तिच्यावर उभी, मग बाकीच्या. ४८ तागे झाले तेव्हा कागदावर नऊ पूर्ण अक्षरं आणि दहाव्यातल्या तीन रेघा होत्या. पोरगा आला, नजर टाकली आणि ५० चं चलन फाडून मोकळा झाला. त्याचं काय चुकलं? तळाची रेघ पाचवी असते. ती दिसली की पाच झाले, मधल्या रेघा कोण मोजत बसतो! ट्रक पुन्हा उतरवून मोजला तेव्हा अंधार पडला होता.

म्हणजे अर्धवट लिहिलेलं अक्षरसुद्धा इथे वाचतात. क्रम ठरलेला आहे म्हणूनच ते वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी शाळेजवळच्या दुकानातून पहिलीच्या पोरांची वही आणली. तुम्हीही तीच घ्या. तिच्या प्रत्येक चौकोनात मधोमध तुटक आडवी आणि तुटक उभी रेघ असते, म्हणजे एका चौकोनात चार खिडक्या. आपली दुरेघी वही इथे चालत नाही. आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं. चिनी अक्षर कशालाच लटकत नाही, चौकोनाच्या मध्यावर तोल सांभाळून उभं असतं. दोन रेघांचं असो की वीस रेघांचं, चौकोन तेवढाच.

आता रेघा. आडवी नेहमी डावीकडून उजवीकडे आणि उजवं टोक किंचित वर. उभी वरून खाली. डावीकडे उतरणारी एक, उजवीकडे उतरणारी एक. ठिपका. डावीकडून उजवीकडे वर उडणारी छोटी चढती रेघ, जिला 'थी' म्हणतात. मग काही रेघांना मध्येच वळण असतं, काहींच्या शेवटी आकडी. एवढ्याच सामानावर सगळी अक्षरं बनतात. रेघांची चिनी नावं पाठ करा. कशाला ते पुढे सांगतो.

मराठी हाताच्या दोन खोडी सुरुवातीलाच मोडाव्या लागतात. पहिली शिरोरेघेची. आपण अक्षराचं अंग आधी काढतो आणि शेवटी वरून रेघ ओढतो. माझा हात महिनाभर तेच करत होता. 'नाही' या अर्थाचं 'पू' अक्षर छपराखालून फुटलेल्या काठ्यांसारखं दिसतं. मी काठ्या आधी काढायचो आणि छप्पर नंतर. चिनीत उलटं आहे. डोक्यावरची रेघ आधी, तळाची शेवटी.

दुसरी खोड गोलाईची. ट, ठ, व, ब काढून काढून आपलं मनगट वळणाला सोकावलेलं असतं. 'तोंड' या अर्थाचं 'खोऊ' हे अक्षर म्हणजे नुसता चौकोन. मी तो एका फटक्यात, जवळजवळ शून्यासारखा काढला, तेव्हा शेजारच्या दुकानातल्या काकू खो खो हसल्या. त्यांनी माझ्या हातून पेन घेतलं. डावीकडची भिंत वरून खाली, पेन उचललं. पुन्हा डाव्या कोपऱ्यातून वरची रेघ उजवीकडे नेली, कोपऱ्यात पेन क्षणभर दाबलं आणि न उचलता खाली वळवलं. मग पेन उचलून तळाची रेघ. बाजू चार, रेघा तीन. कोपऱ्यातलं ते दाबणं नीट बघा. तिथे थांबला नाहीत तर कोपरा गोल होतो आणि अक्षर सांडल्यासारखं दिसतं.

बाकीचे नियम मोजकेच आहेत. अधिकाच्या चिन्हासारखं 'दहा' काढताना आडवी आधी, उभी नंतर. 'माणूस' काढताना डावा पाय आधी, उजवा नंतर. 'लहान' या अक्षरात मधली काठी आधी, मग दोन बाजूंचे ठिपके. आणि चौकटीत काही बसवायचं असेल तर तीन बाजू काढा, आतलं भरा आणि तळ शेवटी बंद करा. इथल्या शाळेत मुलांना सांगतात, आधी माणसं आत जातात, मग दार लावतात. देश या अर्थाचं 'कुओ' असंच लिहितात.

ताग्यासाठीचं 'फी' हे अक्षर मात्र मला फार दिवस छळत होतं. त्याची चौकट उजवीकडे उघडी असते. वरची आडवी आधी, मग आतल्या दोन रेघा, आणि शेवटी डावी भिंत आणि तळ एकाच वळणात. भिंत आधी काढायचा मोह होतो. तो आवरा.

क्रम हाताला लागला की अक्षर फोडायला शिका. माझ्या धंद्यात सगळ्यात उपयोगी पडला तो रेशमाचा भाग. डावीकडे एकाखाली एक दोन कोन, दोन्ही न उचलता वळवलेले, आणि त्यांच्या खाली चढती रेघ. एकूण तीन. दोऱ्याशी, कापडाशी, रंगाशी संबंध असलेल्या कितीतरी अक्षरांना तो डाव्या बाजूला चिकटलेला असतो: सूत, धागा, विणणं, कातणं, लाल, हिरवा. शाओशिंगच्या 'शाओ'मध्येसुद्धा तोच आहे. उजवीकडचा भाग बहुतेक वेळा उच्चार सुचवतो. कातणं म्हणजे 'फांग'. त्याच्या उजवीकडे जे अक्षर आहे तेही एकटं 'फांग'च. लाल म्हणजे 'हुंग'; त्याच्या उजवीकडे 'कुंग', म्हणजे काम. उच्चार तंतोतंत जुळेलच असं नाही, पण अंदाज लागतो. मागावरच्या उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, 'चिंग' म्हणतात, आणि बौद्ध सूत्रांनाही चिनीत तेच अक्षर आहे. आपल्याकडे सूत आणि सूत्र, तसंच. हे कळलं त्या दिवशी मी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं.

हा डावा भाग चौकोनाचा साधारण तिसरा हिस्सा घेतो, जास्त नाही. आणि त्याची शेवटची रेघ चढती का? कारण पेनला तिथून उजव्या भागाकडे वर जायचं असतं. पाण्याचे तीन थेंब डावीकडे आले की तिसरा थेंब असाच वर उडतो. 'माती' डावीकडे आली की तिची तळाची आडवीसुद्धा चढती होते. 'झाड' डावीकडे आलं की त्याची उजवी उतरती रेघ आखडून ठिपका होतो, म्हणजे शेजाऱ्याला धक्का नको. कापूस म्हणजे 'म्येन' लिहून बघा: डावीकडे आखडलेलं झाड, उजवीकडे वर 'पांढरा' आणि खाली कापडाचा तुकडा. असं फोडलं की बारा रेघा जड वाटत नाहीत.

सराव कसा करायचा? दिवसाला पाच अक्षरं पुरेत. आधी हवेत बोटाने लिहा आणि प्रत्येक रेघेचं नाव मोठ्याने म्हणा: हंग (आडवी), शू (उभी), हंग... इथली पहिलीची मुलं वर्गात असंच करतात. नावं पाठ करायची ती एवढ्यासाठी, की तोंड अडखळलं तिथे क्रम माहीत नाही हे लगेच कळतं. मग वहीत तीनदा गिरवा, चौथ्यांदा न बघता. एक अक्षर पानभर घोटू नका. दहाव्या वेळेनंतर हात चालतो आणि डोकं झोपतं.

फोनवर रेघा हलत्या दाखवणारी ॲपं आहेत, पण ॲप कुठल्या देशाचं ते पाहून घ्या. 'शेत' या अक्षरात चौकटीच्या आत चीनमध्ये आडवी आधी, जपानमध्ये उभी आधी. 'राजा'मध्येही दोघांचा क्रम वेगळा. चीन सरकारने ८१०५ अक्षरांच्या रेघांचा क्रम ठरवून दिला आहे. हल्लीचं मानक २०२१ च्या मार्चपासून लागू आहे. चीनमध्ये राहणाऱ्याने तेच धरावं.

एक सल्ला मात्र ऐकू नका. बरेच जण म्हणतात, 'युंग' या अक्षरापासून सुरू करा, त्यात आठही तऱ्हेच्या रेघा येतात. वांग शीच या नामांकित सुलेखनकाराने ३५३ साली लानथिंग इथे लिहिलेल्या प्रसिद्ध लेखाचं हे पहिलं अक्षर. ते लानथिंग इथून जवळच आहे, मी जाऊन आलो. पण 'युंग' ब्रश धरणाऱ्यांसाठी आहे. त्या आठातल्या काही एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून मोजल्या तर त्याच्या रेघा पाचच होतात, आणि त्यातली वळणं नवशिक्याला रडवतात. 'चंग'पासून सुरू करा. पाच सरळ रेघा, वळण एकही नाही.

खरी परीक्षा हाताने लिहिलेल्या चलनावर होते. घाईत लिहिणारा पेन उचलत नाही. एका रेघेच्या शेवटापासून पुढच्या रेघेच्या सुरुवातीपर्यंत ओरखडा राहतो. चौकोनी तोंड मग चौकोन राहत नाही, पाण्याचे खालचे दोन थेंब एक होतात. तेव्हा आकार विसरायचा आणि पेन कुठून कुठे गेलं ते बोटाने गिरवायचं. तुमचा क्रम पक्का असेल तर बोट आपोआप त्या वाटेने जातं आणि अक्षर ओळखू येतं. मी अजूनही चलनावर बोट फिरवतो. गोडाऊनमधल्या पोरांना त्याची गंमत वाटते.

तो मोजणारा पोरगा आता जेवायला जाताना पॅड बिनदिक्कत माझ्याकडे देतो. परत आला की शेवटचं अक्षर मात्र एकदा निरखून बघतोच.