इम्प्लांटवर क्राउन-ब्रिज जोडताना या चुका टाळा

'डॉक्टर, दात हलतोय' असं म्हणत इम्प्लांटचा (हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाचा) पेशंट परत आला की बहुतेक वेळा ठरलेला उपचार होतो. वरचं कंपोझिट (भोकातलं भरण) काढायचं, स्क्रू पुन्हा कसायचा, भोक बुजवायचं आणि पेशंटला घरी पाठवायचं. काही महिन्यांनी तोच पेशंट तीच तक्रार घेऊन हजर होतो. मग दोष स्क्रूच्या माथी मारला जातो. स्क्रू हलका आहे, कंपनी बरोबर नाही, पेशंट सुपारी फोडत असेल, वगैरे. खरं कारण बहुधा क्राउन (वरचा कृत्रिम दात) बसवला त्या दिवशीच घडून गेलेलं असतं.

अबटमेंट (इम्प्लांट आणि क्राउन यांना जोडणारा भाग) किंवा क्राउन खाली ओढून जागेवर बसवणं हे स्क्रूचं काम नाही. जे आधीच पूर्ण बसलेलं आहे, ते दाबून धरणं एवढंच त्याचं काम. टॉर्क (कसण्याचा पीळ) दिला की स्क्रूची दांडी किंचित ताणली जाते, आणि तिच्या आखडण्याच्या ओढीमुळे अबटमेंट व इम्प्लांट एकमेकांवर घट्ट दाबले जातात. हाच प्रीलोड. पण रेंचवर (टॉर्क मोजून कसणाऱ्या पान्यावर) दिलेल्या टॉर्कपैकी सुमारे नव्वद टक्के घर्षणातच खर्च होतो आणि जेमतेम दहा टक्क्यांचा प्रीलोड होतो. त्यामुळे मध्ये हिरडी अडकली, हाडाचा कंगोरा आला किंवा शेजारच्या दाताशी कॉन्टॅक्ट घट्ट असला, की ते दहा टक्केही तिथेच जिरतात. रेंच 30 न्यूटन-सेंटीमीटरला इमानदारीत 'कट्' करतो, आपण समाधानानं भोक बुजवतो आणि सांधा मात्र मोकळाच राहतो.

पूर्ण न बसलेलं अबटमेंट कसणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर.

आधी हाताला काय कळतं ते पाहू. अबटमेंट नीट बसलं असेल तर ड्रायव्हर बोटांनी फिरवताना स्क्रू सहज फिरत जातो आणि मग एकदम थांबतो. भिंतीला टेकल्यासारखा. मध्ये काही अडकलं असेल तर तो असा थांबत नाही. जड होत होत, रबर दाबल्यासारखा, आणखी अर्धा-पाऊण फेरा फिरतच राहतो. असं जाणवलं की रेंच हातात घ्यायचाच नाही. स्क्रू सोडवायचा आणि अडथळा शोधायचा.

अडथळे मुख्यतः तीन. पहिला हिरडीचा. हीलिंग अबटमेंट (हिरडी भरून येईपर्यंत लावलेली तात्पुरती टोपी) काढल्यावर हिरडी काही मिनिटांतच आत झुकू लागते, म्हणून क्राउन हाताशी तयार असल्याशिवाय ते काढू नये. क्राउन बसवल्यावर हिरडी पांढरी पडणं स्वाभाविक आहे, पण दहा-पंधरा मिनिटांत गुलाबी रंग परत यायला हवा. नाही आला, तर क्राउनचा हिरडीतला भाग फुगीर आहे. तो घासून पॉलिश करायचा, पेशंटला 'सवय होईल' असं सांगून पाठवायचं नाही.

दुसरा अडथळा हाडाचा. इम्प्लांट हाडाच्या पातळीखाली बसवलेला असेल तर प्लॅटफॉर्मच्या (इम्प्लांटच्या वरच्या तोंडाच्या) कडेवर हाड चढलेलं असू शकतं, आणि रुंद अबटमेंट त्याच्यावर टेकतं. इथे जोर लावण्याला काही अर्थ नाही. त्या सिस्टिमचा बोन प्रोफायलर (हाड घासणारं हत्यार) त्याच्या गाइड स्क्रूवरून फिरवून तेवढीच कड साफ करावी लागते. गाइड न लावता बर फिरवला तर प्लॅटफॉर्मलाच ओरखडा जातो, आणि तो ओरखडा कायमचा.

तिसरा अडथळा कॉन्टॅक्टचा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा हाच असतो आणि सगळ्यात कमी वेळा तपासला जातो. नैसर्गिक दातावर क्राउन घट्ट असेल तर तो वर राहतो आणि डोळ्यांना दिसतो. इम्प्लांटवर स्क्रूचा जोर त्याला खाली खेचतो, त्यामुळे तो बसल्यासारखा दिसतो. म्हणून क्रम असा ठेवा: क्राउन हातानं बसवा, स्क्रू हलकाच लावा, दोन्ही बाजूंनी फ्लॉस घालून पाहा, कॉन्टॅक्ट हवा तेवढा कमी करा, आणि मगच एक्स-रे काढा.

एक्स-रे काढला म्हणजे तपासणी झाली असंही नाही. किरण इम्प्लांटच्या अक्षाला काटकोनात गेले नाहीत तर मधली फट झाकली जाते. याची खूण फिल्मवरच असते: इम्प्लांटचे आटे दोन्ही बाजूंना धारदार, सुटेसुटे दिसले तर कोन बरोबर आहे. आटे पुसट किंवा एकमेकांवर चढलेले दिसत असतील तर ती फिल्म कितीही सुंदर आली असली तरी निरुपयोगी, पुन्हा काढा. प्लॅटफॉर्म स्विचिंगच्या इम्प्लांटमध्ये अबटमेंट मुळातच अरुंद असतं, त्यामुळे कडेला एक पायरी दिसते. ती फट नव्हे. आपल्या सिस्टिममध्ये पूर्ण बसलेला सांधा एक्स-रेवर कसा दिसतो, ते एकदा मॉडेलवरच्या अॅनालॉगचा (इम्प्लांटच्या नकलेचा) एक्स-रे काढून नीट पाहून ठेवावं.

टॉर्कचा अंदाज बांधणं

'सगळीकडे 35' हा नियम कुठून आला कोण जाणे, पण तो धोक्याचा आहे. अबटमेंट स्क्रूला साधारण 25 ते 35 न्यूटन-सेंटीमीटर टॉर्क सांगितलेला असतो. मल्टी-युनिट अबटमेंटवर (अनेक इम्प्लांटवरच्या कामासाठीच्या अबटमेंटवर) ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेले दात, धरणारे छोटे स्क्रू मात्र बहुतेक सिस्टिममध्ये 10 ते 15 वरच थांबवायचे असतात. काही सिस्टिममध्ये सरळ मल्टी-युनिट 35 ला आणि 17 किंवा 30 अंशांचं तिरकं मल्टी-युनिट 15 ला बसवतात, कारण तिरक्याचा स्क्रू बारीक असतो. तिथे सवयीनं 35 दिला तर स्क्रू तुटतो किंवा ताणून निकामी होतो. निकामी झालेला स्क्रू दिसायला अगदी ठणठणीत असतो, हा खरा त्रास. कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा पेशंटच्या केस पेपरवर लिहून ठेवणं हा साधा उपाय आहे.

पहिल्यांदा टॉर्क दिल्यावर धातूच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे चेपले जातात आणि प्रीलोडचा काही भाग तिथेच जातो. म्हणून दहा मिनिटं थांबून त्याच आकड्यावर पुन्हा एकदा टॉर्क द्यायचा. मधल्या वेळात चावा तपासता येतो.

लॅबमध्ये मॉडेलवर क्राउन पन्नास वेळा चढतो-उतरतो. तिथला स्क्रू तिथेच राहू द्या, पेशंटच्या तोंडात नवाच स्क्रू घाला. लॅबकडून केस परत येताना दोन स्क्रू आले असतील तर कुठला कुठला ते विचारून घ्या, अंदाज करू नका.

ड्रायव्हरचंही तसंच आहे. 1.2 मिमीचा आणि 1.27 मिमीचा हेक्स (षटकोनी टोकाचा) ड्रायव्हर ट्रेमध्ये शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. छोटा मोठ्याच्या खाचेत बसतोही, थोडा फिरवतोही आणि टॉर्क देताना खाचेच्या कडा गोल करून टाकतो. मग स्क्रू ना पुढे जातो ना मागे येतो. हेक्सच्या खाचेतलं रक्त, सिमेंट आधी प्रोबनं साफ करा, ड्रायव्हर तळापर्यंत दाबून बसवा आणि स्क्रूच्या अक्षातच धरा. ड्रायव्हरला फ्लॉस बांधलेला असू द्या, कारण मागच्या दाढेच्या जागी तो बोटांतून निसटला तर थेट घशाकडे जातो.

रेंचची निगा हा कंटाळवाणा विषय असल्यानं सगळे टाळतात. स्प्रिंगचा रेंच वापरून झाल्यावर शून्यावर आणून ठेवायचा, सुटा करून धुवायचा आणि कंपनी सांगेल तेव्हा तपासून घ्यायचा. आत वाळलेलं रक्त असेल तर आकडा एक आणि प्रत्यक्ष टॉर्क वेगळाच.

'बसतंय की' म्हणून दुसऱ्याच कंपनीचा भाग लावणं

दोन कंपन्यांच्या इम्प्लांटचे हेक्स (अबटमेंट बसण्याची षटकोनी खाच) दिसायला सारखे असतात, अबटमेंट आत जातं, स्क्रूही लागतो. पण आत जाणं आणि मापात बसणं यात फरक आहे. हेक्सच्या मापातली थोडीशी ढिलाई म्हणजे क्राउनला रोज चावताना मिळणारी किंचित फिरण्याची मुभा, आणि तेवढ्यावर स्क्रू सुटतो. स्वस्तातल्या प्रत्येक भागाला नावं ठेवायची नाहीत, पण भाग चुकीचा निघाला तर झिजतो तो इम्प्लांट, आणि इम्प्लांट सहज बदलता येत नाही.

डिजिटल कामात हीच चूक संगणकावर घडते. टेक्निशियननं सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत शेजारचा प्लॅटफॉर्म निवडला तर डिझाइन देखणं होतं आणि तोंडात बसत नाही. लॅबच्या पर्चीवर फक्त कंपनीचं नाव न लिहिता इम्प्लांटची मालिका, प्लॅटफॉर्म आणि स्कॅन बॉडी (स्कॅनसाठी इम्प्लांटवर लावायचा भाग) कुठली वापरली तेही लिहा. स्कॅन बॉडी पूर्ण बसली नसेल तर पुढचं सगळंच चुकतं, तेव्हा शंका आली तर तिचाही एक्स-रे काढा.

आणखी एक नेहमीचा गोंधळ: एकट्या क्राउनला टीआय बेस (क्राउनखालचा टायटॅनियमचा पाया) हेक्स असलेला हवा, नाहीतर तो फिरतो. एकमेकांना जोडलेल्या ब्रिजला मात्र साधारणपणे हेक्स नसलेला हवा, नाहीतर किंचित तिरक्या दोन इम्प्लांटवर तो एका वेळी उतरतच नाही.

लांब ब्रिज स्क्रूच्या जोरावर बसवणं

चार-सहा इम्प्लांटवरचा ब्रिज सगळे स्क्रू एकदम कसून तपासता येत नाही, कारण कसल्यावर सगळ्याच फटी मिटतात. त्यासाठी शेफिल्ड टेस्ट आहे. एका टोकाच्या इम्प्लांटचा एकच स्क्रू लावायचा आणि दुसऱ्या टोकाकडे पाहायचं. ब्रिज तिकडे उचलला गेला, फट दिसली किंवा एक्स-रेवर आली, तर फ्रेम वाकडी आहे. मग तेच दुसऱ्या टोकाकडून. मधले सांधे हिरडीखाली असतील तर एकेक स्क्रू लावत जाऊन हाताला अंदाज घ्यायचा. स्क्रू टेकल्यानंतर पूर्ण कसायला अर्ध्या फेऱ्याहून जास्त लागत असेल तर ते बसणं पॅसिव्ह (ताणाशिवायचं) नाही.

नैसर्गिक दात उभ्या दाबाखाली 25 ते 100 मायक्रॉन हलतो, इम्प्लांट जेमतेम 3 ते 5. म्हणजे वाकडी फ्रेम ओढून बसवली तर इम्प्लांट काही जुळवून घेणार नाही, तो ताण सांध्यात तसाच राहतो. सुरुवातीलाच व्हेरिफिकेशन जिग (मॉडेलवरच्या इम्प्लांटच्या जागा बरोबर आहेत का हे पाहायची चौकट) तोंडात तपासली तर हे सगळं टळतं. त्यासाठी एक जास्तीची भेट लागते आणि पेशंट कुरकुरतो. कुरकुरू द्या.

सिमेंट खोलवर सोडणं

इम्प्लांटभोवतीच्या हिरडीचे तंतू दाताच्या मुळासारखे पृष्ठभागात रुतलेले नसतात, त्यामुळे सिमेंट दाबाखाली सहज खाली उतरतं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका एंडोस्कोपिक अभ्यासात, इम्प्लांटभोवती आजाराची लक्षणं असलेल्या 81 टक्के ठिकाणी जादा सिमेंट सापडलं होतं, आणि ते काढल्यावर 74 टक्के ठिकाणी लक्षणं गेली. शिवाय बरीच रेझिन सिमेंट एक्स-रेवर नीट दिसत नाहीत, तेव्हा 'फिल्म स्वच्छ आहे' हा पुरावा नव्हे.

क्राउनची कड हिरडीच्या पातळीला किंवा फार तर एक मिमी खाली ठेवा. त्याहून खोल जायचं असेल तर स्क्रूचाच क्राउन करा. सिमेंट लावावंच लागलं तर अबटमेंटची एक प्रतिकृती जवळ ठेवा: क्राउनमध्ये सिमेंट भरून आधी तिच्यावर दाबायचं, बाहेर आलेलं पुसायचं आणि उरलेल्या पातळ थरानिशी क्राउन तोंडात बसवायचा. स्क्रूच्या भोकात कापूस न घालता टेफ्लॉन टेप दाबून भरा. कापूस लाळ शोषतो आणि उघडताना जो वास येतो, तो एकदा घेतलेला माणूस पुन्हा कापूस वापरत नाही.

चावा शेवटी न तपासणं

कोनिकल (शंकूच्या आकाराच्या) सांध्याचं अबटमेंट पूर्ण टॉर्कला काही मायक्रॉन खाली सरकतं, म्हणून हातानं कसून तपासलेला चावा अंतिम नसतो. टॉर्क देऊन झाल्यावर पुन्हा तपासा. हलक्या चाव्यात इम्प्लांटच्या क्राउनवरून शिमस्टॉक (चावा तपासायची अतिशय पातळ पट्टी) निसटायला हवा, जोरानं चावल्यावरच तो धरला जावा. बाजूच्या हालचालीत क्राउन घासत असेल तर ती घासण काढून टाका.

ओव्हरडेंचरचे अटॅचमेंट

इम्प्लांटवर अडकणारी कवळी (ओव्हरडेंचर) सैल झाली की लगेच जास्त पकडीचा इन्सर्ट (अटॅचमेंटवर पकड देणारा, बदलता येणारा भाग) घालण्याचा मोह होतो. आधी अटॅचमेंटचं डोकं झिजलं आहे का आणि कवळी खाली हिरडीवर नीट टेकते का ते पाहा. कवळी टेकत नसेल तर रिलाइन (कवळीचा आतला भाग हिरडीला पुन्हा जुळवणं) हवं. इन्सर्ट बदलून ते काम होणार नाही. हाउसिंग (इन्सर्ट धरणारी कवळीतली वाटी) तोंडातच बसवत असाल तर ब्लॉकआउट रिंग विसरू नका, नाहीतर अॅक्रिलिक अंडरकटमध्ये (अटॅचमेंटच्या डोक्याखालच्या खोबणीत) शिरतं आणि कवळी अटॅचमेंटवर अडकून बसते.

स्क्रू तुटलाच तर

पहिल्या पाच मिनिटांत केलेली घाई इथे नडते. स्क्रू तुटला की त्यातला ताण संपतो, त्यामुळे आतला तुकडा बहुधा घट्ट नसतो. भरपूर उजेड आणि भिंग घ्या, आत स्वच्छ धुवा, प्रोबचं टोक तुकड्याच्या कडेला टेकवून घड्याळाच्या उलट दिशेनं हलके हलके ढकला. हलला नाही तर अल्ट्रासॉनिकचं बारीक टोक कमी पॉवरवर त्याच दिशेनं फिरवा. तेही जमलं नाही तर त्या सिस्टिमचं रिट्रीव्हल किट मागवा आणि तोवर पेशंटला थांबवा. हायस्पीड बर आत घालू नका, कारण आतले आटे गेले तर हाडात पक्का बसलेला इम्प्लांटही क्राउन धरण्याच्या कामाचा राहत नाही. तुकडा निघाल्यावर आटे तपासा, आणि नवा स्क्रू घालण्याआधी कॉन्टॅक्ट, चावा आणि बसण्याचा एक्स-रे हे तिन्ही पुन्हा पहिल्यापासून करा.